‘बँड आता परिपक्व झालाय’ म्हणजे नक्की काय झालंय?

परदेशी रॉक बँडचा तिसरा-चौथा अल्बम आला की परीक्षणांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘बँडचा आवाज आता परिपक्व झाला आहे.’ ताजं उदाहरण डब्लिनच्या ‘फॉन्टेन्स डी. सी.’चं. 2019 मधल्या ‘डॉग्रेल’ या पहिल्या अल्बममध्ये ही मुलं अस्सल डब्लिनी उच्चारात, अर्धं बोलत अर्धं ओरडत गात होती. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांचा ‘रोमान्स’ हा चौथा अल्बम आला. निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रणाला बसून कुठला सूर ठेवायचा, कुठला टाकायचा हे सांगणारा, बदललेला, तंतुवाद्यं आलेली, गळा बराच मोकळा. अशा वेळी ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, वा, मोठी झाली पोरं. दुसरा म्हणतो, गेली कामातून.

नाशिकमध्ये हे संगीत ऐकणारा वर्ग लहान आहे, पण आहे. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात गिटार शिकणारी मुलं आता कमी नाहीत, आणि घरातल्या मोठ्यांना त्यांचा हा वाद अगम्य वाटतो. मुळातच जे ओरडणं होतं, ते परिपक्व कसं होणार? प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तरासाठी पन्नासेक वर्षं मागे जावं लागेल.

पंक म्हणजे काय, आणि त्यात ‘आर्ट’ कुठून आलं

1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक संगीत फार भारदस्त झालं होतं. एकेक गाणं वीस मिनिटांचं, वाद्यं महागडी, वादक असे तयारीचे की शिकाऊ पोराने हात जोडून लांब बसावं. त्याला विटलेल्या न्यूयॉर्क आणि लंडनच्या मुलांनी दुसरं टोक गाठलं. ‘रामोन्स’ या बँडच्या 1976 मधल्या पहिल्या अल्बममध्ये 14 गाणी आहेत आणि ती सगळी मिळून 29 मिनिटांत संपतात. छोटं, वेगवान, दोन-तीन कॉर्डमध्ये आटोपणारं आणि तयारीची पर्वा न करणारं असं हे संगीत, म्हणजे पंक. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन किंवा अधिक स्वर. पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या की होते ती.

जानेवारी 1977 मध्ये इंग्लंडमधल्या ‘साइडबर्न्स’ नावाच्या हौशी मासिकात हाताने काढलेलं एक चित्र छापलं गेलं. ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा, एवढाच त्याचा मजकूर. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत लघुनियतकालिकं निघाली, सायक्लोस्टाइल केलेली, प्रस्थापित संपादकांकडे पाठ फिरवून. तीच ही वृत्ती. परवानगी कुणाची मागायची नाही.

मात्र या गर्दीत काही जण कलाशाळांतून आले होते. ‘टॉकिंग हेड्स’मधले तिघे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे. ‘गँग ऑफ फोर’ लीड्स विद्यापीठाच्या ललित कला विभागाच्या आसपास जमलेले. ‘वायर’ या लंडनच्या बँडचे ब्रूस गिल्बर्ट तर वॉटफर्डच्या कला महाविद्यालयात दृक-श्राव्य विभागात तंत्रज्ञ होते. या मंडळींना वेग आणि राग पुरेसा नव्हता. ती वेगळेच प्रश्न विचारत होती. गाण्याला ध्रुवपद का हवं? गिटारवाल्याने मधे एकट्याने वाजवायलाच हवं का? गाणं कधी संपतं, हे कोण ठरवतं? पंकचा तुटकपणा ठेवून गाण्याच्या बांधणीलाच असं खोदून विचारणारं संगीत ते आर्ट-पंक. त्याची सीमारेषा पक्की नाही. परीक्षक ती सोयीने हलवतात, आणि मीही इथे थोडी सैलच धरणार आहे.

तीन वर्षं, तीन अल्बम

परिपक्वता म्हणजे काय, हे व्याख्येने कळणार नाही. ‘वायर’च्या पहिल्या तीन अल्बमांत ती जवळजवळ मोजून दाखवता येते.

1977 च्या अखेरीस आला ‘पिंक फ्लॅग’. 21 गाणी, साधारण 35 मिनिटं. शब्द संपले की गाणं संपलं, असा रोकडा हिशेब. त्यातलं एक गाणं तर अर्ध्या मिनिटाच्या आतच आटोपतं. 1978 मधल्या ‘चेअर्स मिसिंग’मध्ये 15 गाणी आणि 42 मिनिटं. 1979 मध्ये ‘154’, त्यात 13 गाणी आणि जवळपास 45 मिनिटं. म्हणजे सरासरी गाणं शंभर सेकंदांवरून पावणेतीन मिनिटांवर आणि तिथून साडेतीन मिनिटांच्या जवळ गेलं. ‘154’ मधलं एक गाणं सुमारे सात मिनिटं चालतं. दोन वर्षांपूर्वीच्या या बँडने तेवढ्या वेळात चार गाणी उरकली असती.

नुसती लांबी वाढली असती तर त्यात कौतुकाचं काही नव्हतं. लांबण कुणालाही लावता येते. या बँडने वाढलेल्या जागेचं काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. पहिल्या अल्बममध्ये गिटारचा आवाज सरळ, कोरडा, भिंतीसारखा. दुसऱ्यात तोच आवाज उपकरणांतून फिरवून तरंगता, थरथरता केलेला. निर्माते माइक थॉर्न तिन्ही अल्बमांना तेच होते, पण दुसऱ्यापासून त्यांच्या सिंथेसायझरला, म्हणजे विजेवर स्वर घडवणाऱ्या कीबोर्डला, गाण्यात हक्काची जागा मिळाली. गायक कॉलिन न्यूमन आधी शब्द फेकत होते, ते आता चाल धरून गायला लागले.

याच दुसऱ्या अल्बममध्ये ‘आउटडोअर मायनर’ नावाचं गाणं आहे. चाल इतकी गोड की प्रेमगीत वाटावं. विषय मात्र नागअळी! पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यामध्ये राहून आतला गर खात जाणारी, मागे पांढरी नागमोडी रेघ सोडणारी अळी. दिंडोरी-निफाडकडच्या टोमॅटोवाल्याला तिची ओळख करून द्यायला नको, तो फवारणीचं वेळापत्रकच सांगेल. लंडनच्या चार तरुणांनी 1978 मध्ये तिच्यावर पावणेदोन मिनिटांचं नितांत सुंदर गाणं केलं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. रेकॉर्ड कंपनीला ते इतकं चालण्यासारखं वाटलं की ‘लांब करा’ असा आग्रह झाला. मग मधे पियानोचा तुकडा घालून ते सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर सुट्टं विकायला, जवळपास तीन मिनिटांचं काढलं.

परिपक्वता इथे दिसते. वर्षभरापूर्वी हेच लोक अशा विषयावर ओरडले असते. आता विचित्र विषय गोड चालीत ठेवायचा, आणि ऐकणाऱ्याला तिसऱ्या वेळी कळू द्यायचं की आपण किड्यावरचं गाणं गुणगुणतोय, एवढा संयम त्यांच्यात आला होता. विक्षिप्तपणा रतीभरही कमी झाला नाही. तो फक्त आत गेला, पानात गेला म्हणा हवं तर.

ऐकताना कान कुठे लावायचा

परीक्षक ‘परिपक्व’ म्हणतो तेव्हा बहुधा सगळ्यात आधी त्याच्या कानाला लागलेलं असतं ते डायनॅमिक्स, म्हणजे गाण्यातल्या मोठ्या आणि हलक्या आवाजातलं अंतर. नाशिककराला हे ढोलावरून लगेच कळेल. मिरवणुकीत पन्नास ढोल एकाच जोराने दहा मिनिटं वाजत राहिले की कान बधिर होतो, जोर जाणवेनासा होतो. मग इशारा होतो, ढोल एकदम थांबतात, एकटा ताशा कडकडत राहतो. आणि त्यानंतर पन्नास टिपरू एकत्र पडतात तो पहिला ठोका छातीत बसतो. ढोल तेवढेच, हातही तेच. नव्या पथकाला थांबायची भीती वाटते. जुनं पथक थांबण्यावरच मिरवणूक जिंकतं. पहिल्या अल्बममधला पंक बँड बहुतेक वेळा न थांबणारं पथक असतो.

दुसरी जागा म्हणजे ड्रम आणि बास, म्हणजे खालच्या, खर्जातल्या सुरांची गिटार. कच्च्या बँडमध्ये सगळे एकाच वेळी एकच गोष्ट करत असतात, त्यामुळे कुणाचंच वेगळं ऐकू येत नाही. अनुभवाने वादक एकमेकांना जागा सोडायला लागतात. बास चालीचा भार उचलते, गिटार दोन ओळी गप्प बसते. कुठल्याही बँडचा पहिला आणि अलीकडचा अल्बम घ्या, दोन्हींत पाच मिनिटं फक्त बास ऐका. फरक असेल तर तिथे सापडेल.

गायकाचा गळा हा त्यातल्या त्यात फसवा पुरावा. रोज रात्री तासभर ओरडून कुणाचा गळा दहा वर्षं टिकत नाही, म्हणून बरेच जण गायला लागतात. त्यात कलेचा भाग किती आणि घशाच्या डॉक्टरांचा किती, हे बाहेरून सांगणं अवघड.

म्हणजे जास्त वाद्यं, जास्त कॉर्ड?

असं वाटणं साहजिक आहे, कारण वाद्यांची संख्या वाढलेली पटकन दिसते. डेन्मार्कच्या ‘आइसएज’ने 2011 मध्ये पहिला अल्बम काढला तेव्हा पोरं जेमतेम विशीच्या आसपासची होती आणि अल्बम 24 मिनिटांचा. 2021 मधल्या ‘सीक शेल्टर’साठी तोच बँड लिस्बनला गेला आणि तिथल्या एका गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या, गायकवृंदाला सोबत घेऊन आला. चर्चमध्ये घुमेल असा समूहस्वर आणि खाली तीच कर्कश गिटार. हा जमलेला प्रकार आहे. पण गायकवृंद आणला म्हणून तो जमला, असं नव्हे. वाद्यं भाड्याने मिळतात.

‘टॉकिंग हेड्स’चं उदाहरण उलट दिशेचं आहे आणि आपल्या कानाला जवळचं. 1977 ते 1980 या चार वर्षांत त्यांचे चार अल्बम आले. पहिल्यात चुणचुणीत, कोनाकोनांची, कॉर्ड बदलत जाणारी गाणी आहेत. चौथा ‘रिमेन इन लाइट’. निर्माते ब्रायन ईनो, आणि डोक्यात नायजेरियाच्या फेला कुटी यांचं संगीत. यातली बरीच गाणी एकाच कॉर्डवर उभी आहेत! चाल पुढे सरकते ती तालाच्या थरांमुळे. एकावर एक छोटे तुकडे रचत जायचे, काही काढायचे, काही परत आणायचे. पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्याला हे नवल वाटलं. तानपुऱ्याच्या एका षड्जावर तासभर राग ऐकणाऱ्या माणसाला त्यात अवघड काय आहे? गाणं एका जागी उभं राहूनही पुढे जातं, हे आपण भजनाच्या टाळातच शिकलेलो असतो. हे संगीत मंचावर उभं करायला मात्र चौघे पुरेनात, म्हणून त्यांनी नऊ जण नेले. म्हणजे माणसं वाढली आणि कॉर्ड कमी झाल्या. कशाची गरज आहे आणि कशाची नाही हे कळायला लागणं, परिपक्वतेबद्दल मी पैज लावीन ती एवढ्याच गोष्टीवर.

‘परिपक्व वगैरे काही नाही, मऊ झाले आणि विकले गेले’

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये, कारण कधी कधी तो खरा असतो.

‘गँग ऑफ फोर’चा 1979 मधला ‘एंटरटेनमेंट!’ हा आर्ट-पंकमधला अगदी धारदार अल्बम आहे. गिटार चाकूसारखी, आणि ती जिथे वाजेल असं वाटतं तिथे बरोबर गप्प. त्याच वर्षी बीबीसीच्या लोकप्रिय संगीत कार्यक्रमात जायची संधी आली. गाण्यातला एक शब्द बदलायला सांगितला म्हणून त्यांनी कार्यक्रमच सोडला. चार वर्षांनी, 1983 मध्ये, त्याच बँडचा ‘हार्ड’ आला. ड्रमवादकाच्या जागी यंत्र, मागे गुळगुळीत समूहस्वर, नाचायला सोयीचा ठेका. चाहतेही नाराज झाले आणि नवा श्रोताही फारसा मिळाला नाही. आवाज सफाईदार झाला, खर्च वाढला, पण जे ताणून धरलेलं होतं ते सुटलं. याला परिपक्व म्हणणं म्हणजे शब्दाची मोडतोड आहे.

मग ‘वायर’चं ‘154’ आणि ‘गँग ऑफ फोर’चं ‘हार्ड’ यांत भेद कसा करायचा? दोन्हींत गाणी लांब आहेत, यंत्रं आहेत, गुळगुळीतपणा आहे. माझी कसोटी साधी आहे: नवा अल्बम ऐकून जुना जास्त कळतो का? ‘154’ ऐकल्यावर ‘पिंक फ्लॅग’मधल्या शंभर सेकंदांत दडलेल्या चाली ऐकू यायला लागतात. ‘हार्ड’ ऐकल्यावर ‘एंटरटेनमेंट!’ची फक्त आठवण येते. ही कसोटी शास्त्रीय वगैरे नाही, पण मला तिने फार वेळा फसवलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या कंपनीशी करार केला म्हणजे बँड बिघडला, हेही सरळ गणित नाही. ‘वायर’चे हे तिन्ही अल्बम ईएमआय या बड्या कंपनीच्याच एका शाखेने काढले. त्यातला सगळ्यात खडबडीत पहिलासुद्धा.

बदल होतोच का मग

एक कारण अगदी कोरडं आहे: सराव. ‘154’ हे नाव कशावरून, तर तोवर बँडने केलेल्या कार्यक्रमांच्या संख्येवरून. दीडशे वेळा लोकांसमोर वाजवल्यावर हात न बसला तरच नवल. दुसरं, पहिल्या अल्बमच्या गाण्यांमागे वीसेक वर्षांचं आयुष्य असतं, दुसऱ्याच्या मागे दौऱ्यांत गेलेलं एखादं वर्ष. तोच राग पुन्हा काढला तर तो नाटकी वाटतो, वादकांनाही. त्यात स्टुडिओत मिळणारा जास्तीचा वेळ आणि बाहेरचा कान असलेला निर्माता यांची भर पडते.

आणि कंटाळा. त्याबद्दल मुलाखतींत कमी बोललं जातं, पण कलेत त्याने जेवढी कामं मार्गी लावलीत तेवढी प्रेरणेने लावली नसतील.

पण पंकला परिपक्वता हवीच कशाला?

काही बँडना खरंच नको असते. ‘रामोन्स’नी वीस वर्षं मुख्यतः एकच गोष्ट केली आणि ती उत्तम केली. त्यांना कुणी अपक्व म्हणत नाही. कच्चेपणा हा दोष नाही, ती एक शैली आहे, आणि सगळ्यांनी ‘154’च्या वाटेने जावं असा नियम केला तर पुन्हा त्याच वीस मिनिटांच्या भारदस्त गाण्यांपाशी येऊ.

शिवाय परिपक्वतेची दिशा नेहमी सोप्याकडून अवघडाकडे असते, हाही समज आहे. मराठीत अरुण कोलटकर पाहा. जे. जे. कलाशाळेत शिकलेले, जाहिरातीत चित्रकार म्हणून काम केलेले, म्हणजे आपल्या या कलाशाळेच्या मुद्द्यात चपखल बसणारे. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह 1977 चा, म्हणजे ‘पिंक फ्लॅग’च्याच वर्षाचा. त्यातल्या कितीतरी कविता गाठी मारलेल्या, स्वप्नासारख्या तुटक, वाचकाला अडवणाऱ्या. 2003 मध्ये ‘चिरीमिरी’ आली ती तोंडी बोलीत, वारीला निघाल्यासारखी चालत. पहिल्यापेक्षा कितीतरी सोपी दिसते. ती कमी दर्जाची आहे, असं म्हणायला कोण धजेल? दोन टोकांमध्ये वावरायची मुभा मिळवलेला कवी आहे तो. बँडच्या बाबतीतही ‘परिपक्व’ हा शब्द वाचला की आधी हे बघावं: त्यांना आता ओरडता येत नाही, की ओरडायचं की नाही हे ठरवता येतं?

बाजाराचा दाब मात्र आज वेगळ्या बाजूने येतो. स्पॉटिफायवर गाणं किमान 30 सेकंद ऐकलं गेलं तरच ती एक वेळ मोजली जाते. ‘पिंक फ्लॅग’मधलं ते सगळ्यात छोटं गाणं 28 सेकंदांचं आहे. तेव्हा आज कुणी नाशिकच्या गच्चीवर असं गाणं बांधत असेल, तर त्याने कमाईची आशा सोडूनच बांधावं. त्यातही एक मोकळेपणा आहेच म्हणा.

‘ते सगळं ठीक, पण जुनी गाणी वाजवा’

शेवटचा आक्षेप श्रोत्यांचा आणि सगळ्यात प्रामाणिक. तिकीट काढलंय, मग ओळखीचं ऐकवा. नव्या वळणावर गेलेल्या प्रत्येक बँडला ही हाक ऐकू येते, आणि बहुतेक जण शेवटच्या वीस मिनिटांत जुनी गाणी वाजवून सुटका करून घेतात.

‘वायर’ 1980 मध्ये थांबले आणि 1985 मध्ये पुन्हा एकत्र आले. आता यंत्रांचे ठेके होते, नवी गाणी होती आणि जुनं वाजवायला साफ नकार होता. 1987 च्या अमेरिका दौऱ्यात लोकांना ‘पिंक फ्लॅग’ हवा होता. मग त्यांनी एक तोड काढली. ‘एक्स-लायन टेमर्स’ नावाचा, त्यांच्याच जुन्या गाण्यांची नक्कल करणारा एक बँड सोबत घेतला. आधी ही दुसरी मंडळी मंचावर येऊन ‘पिंक फ्लॅग’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. मग खरे ‘वायर’ यायचे आणि त्यातलं एकही गाणं न वाजवता नवं तेवढं वाजवून जायचे.

2003 मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात मात्र त्यांनी अख्खा ‘पिंक फ्लॅग’ स्वतः वाजवला. ब्रूस गिल्बर्ट तेव्हा पन्नाशी ओलांडून पुढे गेले होते.